न भरलेल्या कळ्या

पाकळीमावशीला हाक मारली तर ती कधी लगेच ओ देत नसे. हातातली सुरी खाली ठेवायची, पदराला हात पुसायची, उठून दारापर्यंत यायची, हाक मारणाऱ्याचं तोंड नीट बघून घ्यायची आणि मग म्हणायची, "काय हो?" नव्या माणसाला वाटे, बाई एक तर ठार बहिरी आहे, नाहीतर शिष्ट. दूधवाल्याने एकदा वैतागून विचारलंच, "मावशी, तुमच्या घरात ओ द्यायला मुहूर्त लागतो का?"

"मुहूर्त नाही, तोंड लागतं," मावशी म्हणाली. "समोर तोंड दिसलं की ओ. त्याआधी नाही."

दूधवाला हसला. मावशी हसली नाही. एरवी ती काही घुमी नव्हती. दुधात पाणी किती आणि पाण्यात दूध किती, यावर ती त्याच्याशी पायरीवर उभं राहून तासभर भांडू शकत असे. फक्त ओ मात्र तोंड बघूनच.

तिचं हे नाव कामावरून पडलेलं. सासरी फुलदाण्या घडत. सासरे चाकावर बसत, नवरा भट्टी लावी आणि घरातल्या बायका फुलं भरत. फुलं भरायची म्हणजे रंगवायची नाहीत. धड ओली नाही, धड सुकी नाही अशा बेताची फुलदाणी मांडीवर आडवी घ्यायची, बारीक सुरीने तिच्या अंगात फूल कोरायचं, त्या खाचेत पांढरी माती अंगठ्याने दाबून भरायची आणि वर उरलेली खरवडून सपाट करायची. मग भाजणी, मग वर काचेसारख्या लेपाची झिलई, मग धूर कोंडून पुन्हा भट्टी. बाहेर येते ती शेवाळलेल्या पाण्यासारखी हिरवी फुलदाणी, आणि त्या हिरव्याच्या आत पांढरी फुलं. बोट फिरवलं तर लागत नाहीत, डोळ्यांना मात्र दिसतात. मावशीच्या हातची पाकळी इतकी नाजूक की बघणारा हटकून बोट फिरवून बघायचा. नवरा गेला, मुलगा भट्टीवर बसला, नाकावर जाड चष्मा आला, तरी तिची पाकळी काही जाड झाली नाही.

लग्न होऊन आली तेव्हा सुरी हातात देण्याआधी सासूबाई तिला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. भट्टीतून काढलेली भांडी तिथे फळ्यांवर गार होत ठेवलेली असत. गार होताना आतली माती वेगळी आकसते, वरची झिलई वेगळी. मग झिलईला केसाएवढ्या भेगा पडतात आणि आवाज होतो. टिंग. थोड्या वेळाने पलीकडच्या फळीवर, टिंग. असं काही दिवस चालतं आणि मग भांडी गप्प होतात.

"कशामुळे होतं ते मलाही कळतं," सासूबाई म्हणाल्या. "तरी ती हाक आहे. भांडं हाक मारतं. आपण ओ द्यायची नाही. ज्याला ओ दिली, त्याच्यापाशी आपली ओ राहते. परत येत नाही."

म्हणून त्या घराला ही सवय लागली होती. मागून हाक आली की आधी वळायचं, माणूस आहे ना ते बघायचं, मग तोंड उघडायचं. नव्या सुनेला हसू फुटत होतं, पण सासूबाईंचे डोळे बघून तिने ते गिळलं.

घरात एक नणंद होती, मावशीच्याच वयाची. लाह्या फुटाव्यात तशी बोलायची, म्हणून सगळे तिला टिवटिवी म्हणत. दोघींचं पहिल्या दिवसापासून गूळपीठ जमलं. मावशी कोरायची, टिवटिवी भरायची. भरता भरता ती अख्ख्या गल्लीच्या नकला करायची आणि मावशीची सुरी हसण्याने हलायची. सासूबाई ओरडायच्या, "फुलाला नाक काढलंत की काय दोघींनी?"

एकदा मावशीने एका उंच मानेच्या फुलदाणीवर मोठी फांदी कोरली. खाली उमललेली फुलं, मध्ये पानं आणि शेंड्याला तीन कळ्या. टिवटिवीने फुलं भरली, पानं भरली आणि कळ्या तशाच सोडून खरवडायला घेतली.

"अगं, कळ्या राहिल्या."

"राहू देत ना, वहिनी. कळ्याच त्या. उमलल्या की भरू!"

दोघी हसत बसल्या आणि तेवढ्यात माती सुकली. सुकलेली माती भर धरत नाही, गळून पडते. मग फुलदाणी तशीच भट्टीत गेली. बाहेर आली तेव्हा त्या रिकाम्या खाचांत झिलई साचून तिन्ही कळ्या गडद हिरव्या झाल्या होत्या. बाकी फुलदाणी अशी देखणी उतरली होती की त्या तीन कळ्या जास्तच डोळ्यांत भरत. सासूबाईंनी दोघींना फैलावर घेतलं आणि ती मागच्या खोलीतच ठेवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी तिथे भांडी पुसत होत्या. चहूबाजूंनी टिंग, टिंग चाललं होतं. तेवढ्यात त्याच फुलदाणीतून एक आवाज आला, जरा लांबलेला. टिवटिवीने कमरेवर हात ठेवले, तिच्याकडे वळली, मान वेळावली आणि लाडात म्हणाली, "ओ! आले हं!"

मावशी खो खो हसली. मग तिच्या लक्षात आलं की खोलीत दुसरा काही आवाजच उरलेला नाही. सगळ्या फळ्यांवरची सगळी भांडी एकदम थांबली होती. अंगण झाडणाऱ्या झाडूचा आवाज तेवढा भिंतीपलीकडून येत होता. टिवटिवीही हसायची थांबली, आणि दोघी एकमेकींचा हात धरून बाहेर आल्या.

तिला काही झालं नाही. ताप नाही, चक्कर नाही. संध्याकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली तेव्हा टिवटिवीने मान वर केली, तोंड उघडलं आणि तोंडातून काही निघालं नाही. सगळ्यांना वाटलं, नाटकं करते आहे. तिचं तसंच असायचं. पण दुसऱ्या दिवशीही तेच. बाकी सगळं बोलत होती. मीठ मागत होती, नकला करत होती. फक्त हाकेला ओ निघत नव्हती. मग हळूहळू हाक आली तरी ती मानही वर करेना. ज्याला ओ देता येत नाही, त्याला माणसं तरी किती दिवस हाका मारणार? हाका कमी झाल्या, मग बोलणंही कमी झालं. बघायला आलेल्या पाहुण्यांनी तिला दोनदा नावाने बोलावलं, ती समोर बसून भिंतीकडे बघत राहिली. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले.

आणि त्या फुलदाणीवरची एक कळी पांढरी झाली. आधी कडेने, मग आत. कुणीतरी अंगठ्याने दाबून भरावी तशी.

एके दिवशी सासूबाई मागच्या खोलीत भांडी लावत होत्या. सवयीने त्यांनी हाक मारली, "टिवटिवे!" टिवटिवी पलीकडे मावशीजवळ बसून पाकळ्या भरत होती. ती जागची हलली नाही. फुलदाणीतून आवाज आला. टिंग.

त्यानंतर सासूबाई रोज त्या खोलीत जाऊन लेकीला हाक मारू लागल्या. मारायच्या, आवाज ऐकायच्या आणि पदराने डोळे पुसत बाहेर यायच्या. बाहेर लेक बसलेली असायची, हाडामांसाची, अंगठ्याला पांढरी माती लागलेली. तिच्या केसांवरून हात फिरवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत जायच्या. टिवटिवी अशी पुष्कळ वर्षं जगली. भर घालायचं काम तिने कधी चुकवलं नाही. मग एका सकाळी ती उठली नाही. त्या दुपारीही सासूबाई आत गेल्या आणि त्यांनी हाक मारली. टिंग.

स्वतः जायच्या वेळी त्यांनी मावशीला जवळ बसवलं.

"ओली होती तेव्हाच खरवडायला हवी होती गं," त्या म्हणाल्या. "कळी काही एका दिवसात भरली नाही. कडेने भरत होती, मध्ये हिरवी होती. तेव्हा तिच्या नावाची हाक आल्यावर फुलदाणीच्या आधी मी ओ दिली असती, तर तिची सुटली असती. माझी अडकली असती, एवढंच. आपल्यात सगळ्या जुन्या बायकांना हे माहीत होतं. मलाही होतं. मी भ्याले. आज बघू, उद्या बघू म्हणत सुकेपर्यंत थांबले."

सासूबाई गेल्यावर मावशीने फुलदाणी सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवली, कळ्या भिंतीकडे करून, वर फडकं टाकून. मुलगा म्हणाला, "फोडून टाकू, सुंठीवाचून खोकला जाईल."

"आत तुझी आत्या आहे," मावशी म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला. टिवटिवीला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. फुलदाणी वर्षानुवर्षं गप्प होती.

मुलाचं लग्न झालं. सूनबाई औषधांच्या दुकानात कामाला होती. तोंडाने फटकळ, पण मनाने निर्मळ. घरच्या रीतीची ती थट्टा करायची, पण ती मोडायची नाही. तिला मुलगी झाली. इवलीशी होती, म्हणून सगळे पिटुकली म्हणत. पिटुकली चालायला लागली, धावायला लागली, मातीचे गोळे करून बापाच्या टकलावर मारायला लागली, पण बोलेना. एक अक्षर नाही. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, सगळं ठणठणीत. वाट बघा म्हणाले. मावशी वाट बघत होती. नातीच्या तोंडून एकदा आजी ऐकायचं, याशिवाय तिला आता आयुष्यात दुसरं काही नको होतं. पाकळ्या काय, पुष्कळ कोरून झाल्या होत्या.

एक दिवस सूनबाईचा बांध फुटला.

"आई, राग मानू नका, पण या घरात हाकेला ओ देणारं कुणी नाही. पोरीने जरा 'आँ' केलं की तुम्ही सगळे तिचं तोंड बघायला उठता. तोवर ती गप्प होते. पोरीला कळणार कसं, की आवाज केला की आवाज परत येतो?"

बोलणं खरं होतं. रात्रभर तिने कूस बदलली आणि सकाळी ठरवलं, चुलीत गेली ती रीत. त्या दिवसापासून पोरीने नुसतं कुंई केलं तरी मावशी असेल तिथून ओरडायची, "ओ! ओ गं राणी! आले!" जन्मात कधी असं न केलेलं. पहिल्यांदा शब्द घशात काट्यासारखा अडकला, मग सरावली. मुलगा हसून म्हणायचा, "आई, अगं दूधवाल्याला दे आता एखादी." पिटुकली आजीच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि ओठांचा गोल करायची. आवाज नाही, नुसता गोल. मावशीला आनंदाचं भरतं यायचं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

नवी भट्टी निघाली होती. मागच्या खोलीत फळ्या भरल्या होत्या आणि टिंग, टिंग चालू होतं. भर दुपारची वेळ, सूनबाई सुट्टीवर, मावशी पाकळी कोरत बसलेली. त्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. ती कुणी उघडली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आतून स्वच्छ, खणखणीत आवाज आला:

"ओ!"

सूनबाईच्या हातातलं ताट पडलं. "आई! बोलली! पिटुकली बोलली!" ती धावत गेली, पोरीला उचललं, तिचे मुके घेतले, हसली, रडली, नवऱ्याला हाका मारत अंगणात पळाली. मावशी भिंत धरून आत आली. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. वरच्या फळीवरचं फडकं खाली पडलं होतं. फुलदाणी फिरलेली होती, कळ्या खोलीकडे वळलेल्या.

सूनबाईचा आनंद संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही. आधी हाक मारली की पिटुकली निदान वळायची, हसायची, पदर ओढायची. आता वळेनाशी झाली. "पिटुकले!" सूनबाई चार हातांवरून हाक मारायची, आणि पोर मातीशी खेळत राहायची. आवाज यायचा तो मागच्या खोलीतून. टिंग. सूनबाईने तो दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा सासूच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा हाक मारली नाही. पोरीला पोटाशी घट्ट धरून बसून राहिली.

मावशीने स्टुलावर चढून फुलदाणी खाली घेतली, उजेडात नेली, चष्मा पुसला. पहिली कळी पांढरी, टिवटिवीची. दुसरीच्या कडेला बारीक पांढरी रेघ आली होती, मध्ये अजून हिरवं होतं. तिसरी तशीच रिकामी.

ओली होती. अजून खरवडता येण्यासारखी होती.

मावशी लगेच गेली असं नाही. तिची पाचावर धारण बसली होती. उरलेला दिवस तिने पाकळ्या कोरण्यात घालवला आणि सगळ्या बिघडवल्या. टिवटिवीचं सगळं आयुष्य तिने शेजारी बसून पाहिलं होतं. ते भिंतीकडे बघणं, ते हळूहळू विझत जाणं. आणि त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. पोरगी सुटली तर बोलेल. बोलली तर कधीतरी आजी म्हणून हाक मारेल. ज्या हाकेसाठी जीव टांगला होता, नेमकी तिलाच ओ देता येणार नाही. मावशी मातीच्या हातांनी तोंड झाकून रडली. पोरीवरचा जीव आणि स्वतःची भीती, दोन्ही एकाच वेळी खरी होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने फुलदाणी पुन्हा पाहिली. पांढरं अर्ध्यावर आलं होतं. तिने सूनबाईला बोलावलं.

"पोरीला घेऊन अंगणात जा. लिंबाखाली उभी राहा आणि तिथून तिला हाक मार. जोरात. आतलं काही ऐकू आलं तरी येऊ नकोस."

"आई, तुम्ही काय करणार आहात?"

"सासूने सांगितलेलं काम. उशीर झालाय आधीच."

सूनबाईने मावशीचा चेहरा बघितला आणि ती पोरीला उचलून अंगणात गेली.

मावशी मागच्या खोलीत फुलदाणीसमोर मांडी घालून बसली. फळ्यांवरची भांडी गप्प होती. सगळी मिळून तिच्याकडे बघत आहेत असं तिला वाटलं. दुपारचं ऊन खिडकीतून हिरव्या झिलईवर पडलं होतं आणि आतली फुलं पाण्यात हलावीत तशी दिसत होती. आपणच कोरलेली फांदी, आपल्याच तरुण हाताची. कोरीव काम चांगलं होतं, हे तिला त्याही वेळी जाणवलं.

अंगणातून हाक आली.

"पिटुकले!"

फुलदाणीच्या मानेत काहीतरी ताणल्यासारखं झालं. आवाज फुटायच्या आत मावशी जीव खाऊन ओरडली, "ओ! ओ, आले!"

झिलई तडकल्याचा एक लांबलचक आवाज झाला, मानेपासून बुडापर्यंत. मावशीच्या घशातून काहीतरी निसटून गेलं, दुखलं नाही, मोकळं झाल्यासारखं वाटलं. तिने डोळे उघडले तेव्हा दुसरी कळी गडद हिरवी होती, पूर्वीसारखी रिकामी. तिसरीत पांढरं होतं. काठोकाठ. तिची कळी भरायला फुलदाणीला वेळ लागला नव्हता.

आणि अंगणातून, लिंबाखालून, एक बारीक आवाज आला, "ओ!" त्याच्यामागे सूनबाईचं हसणं की रडणं, काहीतरी.

पिटुकली आता बोलते. नुसती बोलत नाही, लाह्या फुटतात. दूधवाल्याची नक्कल इतकी हुबेहूब करते की तो स्वतः थांबून ऐकतो. मावशीबद्दल तो सगळ्यांना सांगतो की बाई आधी तोंड बघून तरी ओ द्यायची, आता तीही देत नाही, म्हातारपणी शिष्टपणा वाढला. सूनबाई रोज मागच्या खोलीत जाऊन फुलदाणी मऊ फडक्याने पुसते. कळ्या आता भिंतीकडे नसतात. कधी कधी भर दुपारी, घरात कुणी कुणाला हाक मारलेली नसताना, तिथून टिंग आवाज येतो आणि पाठोपाठ दुसरा, जरा वेगळा. मग बराच वेळ आलटून पालटून चालतं. मावशीची सुरी तेवढा वेळ थांबते. एकदा तर तिला हसूही आलं.

परवा ती खिडकीपाशी बसून पाकळी भरत होती. पिटुकली खेळून आली, दारात उभी राहिली, आणि गोड सूर लावून तिने हाक मारली, "आजी!"

मावशीने मान वर केली. पोरीचं तोंड नीट पाहिलं, मातीने बरबटलेलं, हसरं. तिने तोंड उघडलं.

मागच्या खोलीतून आवाज आला. टिंग.

पिटुकलीचा चेहरा उजळला. ती मावशीच्या अंगावरून, तिच्या गुडघ्याला धक्का देऊन, धावत आत गेली.

"आई, आजी इकडे आहे," ती आतून ओरडली. "तिने ओ दिली मला!"

मावशीने अंगठ्यावर पांढरी माती घेतली आणि सुकायच्या आत पुढची पाकळी भरून टाकली.